कसला आवाज?

परवा वीज गेली, शेजारच्या कारखान्यातले माग थांबले आणि मला ते एक मिनिट आठवलं. तेव्हा आम्ही पाच माणसं एका खोलीत राहायचो. वडील भिंतीपलीकडे त्याच मागांवर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. कोरियन मालिका बघत ती भाषा मी स्वतःच शिकले होते, आणि एका लाडक्या नटाशी व्हिडिओवर मिनिटभर बोलायच्या सोडतीत माझं नाव निघालं. "तुमच्यामुळे मी तुमची भाषा शिकले," एवढंच मला त्याच्या भाषेत सांगायचं होतं. तो पडद्यावर आला, मी बोलले, तर त्यानं कानाला हात लावून मान हलवली. दुभाषी बाई हिंदीत म्हणाली, "आधी तो आवाज बंद करा." मी म्हटलं, "कसला आवाज?" आई मागून म्हणाली, "कुटं हाय आवाज? काय बी बोलतीया ही बया!" मी वाक्य ओरडून सांगितलं. तो ओशाळं हसला, हात हलवला, वेळ संपली. हताश होऊन भिंतीला टेकले, तर भिंत थरथरत होती. मागांचा आवाज! जन्मापासून ऐकून आम्हाला तो ऐकूच येत नव्हता. चिडून मी भिंतीवर थापा मारल्या, पण वडिलांपर्यंत त्याही पोचल्या नाहीत. आज मी स्वतः कोरियनची दुभाषी आहे. ते वाक्य मात्र सांगायचं राहिलं ते राहिलंच.