चौकोनांची पानं

परवा बँकेत पासबुक छापताना प्रिंटरची करकर ऐकली, रिबिनीच्या शाईचा वास आला आणि आमचं कोथरूडचं कॉम्प्युटरचं दुकान आठवलं. कॉम्प्युटर तेव्हा नुकते घरोघरी येऊ लागले होते आणि मी तिथे सॉफ्टवेअर विकायचे. एका निवृत्त शिक्षकांना गेलेल्या बायकोच्या आठवणी मराठीत छापायच्या होत्या. आमचं मराठी सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या प्रिंटरवर चालत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी म्हणाले, “चालेल की, काका.” पंधरा दिवसांनी ते कागद घेऊन आले. पानभर नुसते चौकोन. “अहो ताई, पडद्यावर नीट दिसतं. माझंच काहीतरी चुकत असणार. एका बोटाने टाईप करतो ना. परत पहिल्यापासून केलं, तरी तेच.” निदान तेव्हा तरी खरं सांगायचं! पण मालक समोर बसले होते. मी म्हणाले, “अजून एकदा करून बघा.” त्यांनी कागदांची नीट घडी घातली, “तुम्हाला उगाच त्रास दिला,” म्हणाले आणि गेले. परत आलेच नाहीत. पासबुक घेऊन मी बाहेर आले, पण ते घरी जाऊन तिसऱ्यांदा, एका बोटाने, पहिल्या ओळीपासून सुरुवात करताना दिसत राहिले.