एक हजार नऊ पणत्या

त्रिपुरी पौर्णिमेला रिठदजवळच्या आमच्या गावात देवळाच्या अंगणात एक हजार आठ पणत्या लागतात, आणि वर एक. शुभकार्याला वरचा एक हवाच; आहेराच्या पाकिटात नाही का आपण टाकत? त्या वर्षी मांडणीचा मान बाबांना मिळाला होता. बाबा भारी हट्टी. "साऱ्या ओळी सारख्या पाह्यजेत, एकबी तुटकी नको," असं सांगून मोकळे झाले.

माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. पुढं गणित शिकायला मला अमरावतीला जायचं होतं, आणि बाबांनी मात्र पुढच्याच रविवारी मला बघायला पाहुणे बोलावले होते. "गनितानं काय पोळ्या भाजतात?" हा त्यांचा सवाल. मी तोंड फुगवून वाती वळत बसले होते.

बाबांनी गडीमाणसं घेऊन वीस-वीसच्या ओळी मांडल्या. नऊ पणत्या उरल्या. पंचवीसच्या मांडल्या, पुन्हा नऊ. चोवीसच्या मांडल्या तर एकच उरली, आणि बाबा भडकले. "कोनं पाय मारला बे? कोनं हालवली पनती?"

मी तोवर मनात भाग देऊन बघत होते. सात, अकरा, तेरा, करत करत एकतीसपर्यंत गेले आणि अंगावर सर्रकन काटा आला.

"बाबा, थांबा. हे होनारच नाही."

"काहून?"

"ओळीत दोनपासून एकतीसपर्यंत कितीबी घ्या, काहीतरी उरतेच. अन बत्तीस नाहीतर त्याच्या वर घेतल्या, तर ओळीच बत्तीसहून कमी भरतात. म्हंजे तेच गनित उलटं."

"दुसऱ्या कोनाले जमते?"

"कोनालेच नाही."

"देवाले?"

अख्खं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. "देवालेबी नाही, बाबा."

आता खाते शिव्या, असं वाटलं. पण माझंच मन ठिकाणावर नव्हतं. आमचं गाव वसलं नव्हतं, तेव्हाही हा आकडा असाच होता, कुणाला न जुमानणारा! आणि मला तो कुणी सांगितला नव्हता, माझा मलाच सापडला होता.

"अन वरची एक काढली तर?" बाबांनी हळूच विचारलं.

"हजार आठ? एकच लांब ओळ सोडूनबी त्या अठ्ठावीस तऱ्हेनं मांडता येतात."

"एका पनतीनं एवढा फरक?" बाबा उकिडवे बसले. "असे आकडे आनखी हायेत?"

"संपतच नाहीत. पन कुठं कुठं सापडतात, त्याचा पुरा नेम अजून कोनालेच लागला नाही. जगभर लोक शोधून राह्यले."

"मंग तू इथं काय करून राह्यली?"

बाबांनी खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर पाहुण्यांना सांगितलं, "रविवारी येऊ नका. पोरगी शिकाले चालली."