तांबड्या मुंग्या आणि अब्बांची गादी

होळीच्या सुमाराला नळदुर्गात ऊन चढायला लागतं आणि उम्मेहानीच्या घरात तांबड्या मुंग्या निघतात. एरवी मुंग्यांचं कुणी एवढं मनावर घेत नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की मुंगी साधी राहत नाही. ती चावली तर त्या माणसाला झटकता येत नाही, सांगताही येत नाही.

उम्मेहानीचे सासरे लालमहंमद पिंजारी होते. सगळी हयात त्यांनी लोकांच्या गाद्या भरल्या. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलतो. त्यात साखरेचा आजार. मुलगा फारुख हायवेवरच्या टायरच्या दुकानात सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. त्यामुळं अब्बांना पुसणं, कुशीवर वळवणं, भरवणं, कपडे बदलणं, सगळं उम्मेहानीकडं.

यंदा रमजान ऐन त्याच दिवसांत आला. पहाटे सहरीला उठलेली उम्मेहानी पुन्हा आडवी व्हायचीच नाही. खाटेच्या चारी पायांखाली तिनं पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. उन्हानं पाणी आटायचं, नाहीतर त्यावर धुळीची साय धरायची आणि मुंग्या खुशाल चालत पलीकडं जायच्या. म्हणून ती दिवसातनं कितीदा तरी वाट्या घासून भरायची. भिंतीच्या कडेनं मुंग्या मारायच्या खडूची रेघ ओढायची. चहाचा थेंब सांडला तर आधी तो पुसायची. चादरीचं टोक खाली लोंबू द्यायची नाही. शेजारच्या कस्तुराबाईंनी दिलेला कडुलिंबाचा पाला गादीखाली पसरायची. रॉकेल ओतून पाहिलं, पण त्या वासानं अब्बांना ढास लागायची. इतकं करूनही अधूनमधून त्यांच्या पाठीवर लाल गांधी उठलेल्या दिसायच्या. मग ती खोबरेल चोळायची आणि पुन्हा वाट्या भरायला बसायची.

ईदच्या आठवडाभर आधी नणंद सिमरन उमरग्याहून आली. वडिलांचं अंग पुसायला तिनं सदरा वर केला, तर पाठभर लाल गांधी. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "भाभी, माणूस हाय हे. लाकूड न्हाय."

रोजानं उम्मेहानीचं तोंड कोरडं पडलं होतं. ती आत गेली आणि कांदे समोर घेऊन भिंतीला टेकून बसली. कांदे बराच वेळ तसेच राहिले.

त्या दिवसापासून सिमरननं सगळं आपल्या हातात घेतलं. खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली. मोठे वाडगे ठेवले, दुकानातनं पावडर आणून टाकली, आणि दिवसभर वडिलांजवळ बसून राहिली. उम्मेहानीकडं नुसता स्वयंपाक राहिला. दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका दुपारी अब्बांचा डावा हात गादीवर आपटायला लागला. सिमरननं त्यांना वळवलं, तर खांद्याखाली मुंग्या.

वाडगे भरलेले होते. पावडर जशीच्या तशी होती. कुठं काही लोंबत नव्हतं. सिमरननं भाभीला हाक मारली, आणि त्या हाकेत पहिल्यासारखी धार नव्हती.

हा क्षण आला तर आपल्याला बरं वाटेल, असं उम्मेहानीला मधे एकदा वाटून गेलं होतं. तसं काही झालं नाही. तिला फक्त खाली बसावंसं वाटत होतं. ती म्हणाली, "खालनं आल्या न्हाईत. मग कुठनं आल्या?"

दोघींनी अब्बांना चादरीसकट उचलून चटईवर निजवलं आणि गादी दाराबाहेर नेऊन उलटी केली. शिवणीपाशी मुंग्यांची रांग आत शिरत होती. ब्लेडनं शिवण उसवली तर कापसात सगळीकडं पांढरी अंडी.

ही गादी लालमहंमदांनी स्वतः भरलेली, दुखण्याआधीची शेवटची. फारुखनं मागं फोमची गादी आणली होती, तर ते डाव्या हातानं ती ढकलत राहिले, शेवटी परत करावी लागली. तेव्हापासून उम्मेहानी हीच गादी सांभाळत होती, दर दोन-चार दिवसांनी मागच्या भिंतीवर उन्हात टाकत होती.

"भिंतीवरनंच शिरल्या असतील," ती म्हणाली. "म्याच टाकत व्हते. उन्हानं किडं मरत्यात म्हनून."

सिमरननं कापसाचा गोळा खाली ठेवला. "मी पन तेच केलं असतं," ती म्हणाली.

कापूस वाचवण्यासारखा उरला नव्हता, आत ओल मुरून कुजला होता, काळा पडला होता. उघड्या दारातनं अब्बा सगळं बघत होते आणि घशातनं आवाज काढत होते. उम्मेहानी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "अब्बा, आत अंडी हायत. ठेवता यायचं न्हाय. जाळावी लागंल."

त्यांनी डोळे मिटले. त्या संध्याकाळी त्यांनी घास घेतला नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. फारुखनं पुन्हा फोमची गादी आणली, ह्या खेपेला त्यांनी ती ढकलली नाही. इफ्तारच्या वेळी सिमरननं चमचा ओठांना लावला तर दूध प्याले, पण तोंड भिंतीकडंच. दोघींनी मागच्या भिंतीच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, वर चुना फासला.

ईदला सिमरनला न्यायला नवरा आला, त्याला तिनं एकट्यालाच परत पाठवलं. भाभीला म्हणाली, "परंड्याला आईकडं जाऊन या. मी हाय हितं." माफीचा शब्द तिनं काढला नाही, उम्मेहानीनंही त्याची वाट बघितली नाही.

एसटी तुळजापूरला पोचायच्या आतच उम्मेहानीला झोप लागली. माहेरी आईनं तिला उठवलं नाही. ती जेवणापुरती उठायची आणि पुन्हा निजायची.

काही दिवसांनी सिमरनचा फोन आला. आवाज थकलेला होता. "भाभी, अब्बा रातीतनं किती येळा उठवत्यात?"

"कधी मोजलं न्हाय," उम्मेहानी म्हणाली.

पलीकडनं सिमरन म्हणाली, "आनखी आठ दिवस राहा." उम्मेहानीनं बरं म्हटलं, फोन उशाशी ठेवला आणि कूस वळवली.