काका सिंगापूरला, सिम भिवपुरीला

दुपारचे साडेतीन वाजले होते. कर्जतच्या आमच्या शाखेत पासबुकाच्या मशिनने नेहमीप्रमाणे मान टाकली होती आणि मी त्याच्याशी झटापट करत होते. तेवढ्यात सिंगापूरहून गायकवाड काकांचा फोन आला.

“मॅडम, दुकानात उभा हाय. तुमी सांगितलेला स्कॅनचा चौकोन समोर हाय. पण फोन पैसे देत नाय.”

मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला. “बाबा, जाऊ द्या ना. मी देते.”

“तू थांब गं,” काका म्हणाले.

त्या ‘थांब गं’मागे काय आहे ते मला ठाऊक होतं. मी मशिन सोडलं आणि खुर्चीत बसले.

गायकवाड काका भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. मुलगी शीतल बारावीत असताना काकू गेल्या. शीतल नर्स झाली, सिंगापूरला गेली आणि सहा वर्षांत तिला घरी यायला जमलं नाही. कधी रजा नाही, कधी तिकीट महाग. शेवटी तिनेच काकांना तिकीट पाठवलं.

निघायच्या आठ दिवस आधी काका फोन घेऊन शाखेत आले. “शीतल म्हणते, बाबा, पैसे आणू नका, मी हाय ना.” हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तोंड पाडून. एरवी मुलीच्या कमाईचं कौतुक सांगताना न थकणारा माणूस. मी जरा खोदून विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं.

पगाराच्या दिवशी ते शीतलला कर्जतच्या बाजारात आणायचे. तिला उंच टाचांचे सँडल हवे असायचे. काका म्हणायचे, पुढच्या पगाराला. पुढच्या पगाराला शाळेचे बूट यायचे, नाहीतर क्लासची फी भरायची असायची. पोरीने कधी हट्ट केला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं. मग ती कमावती झाली आणि सँडल राहूनच गेले.

“एकदा तिला दुकानात नेऊन म्हणायचंय, घे गं, तुला पायजे ते. आणि पैसे मी देणार.”

मी म्हटलं, मग नोटा बदलून न्या, सोपं पडेल. तर म्हणाले, नोटा ती माझ्याच खिशात परत कोंबेल, फोनवरून एकदा गेले की गेले. मग मी त्यांचा फोन हातात घेतला.

आपलं यूपीआय परदेशात काही देशांत चालतं, पण सगळ्या दुकानांत नाही. शिवाय ते आपोआप चालत नाही. ॲपमध्ये जाऊन आपल्या खात्यासाठी ते आधी सुरू करावं लागतं, तेही जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतं. मी ते करून दिलं. बाहेरच्या चहाच्या टपरीवर काकांकडून स्कॅन करवून घेतलं. तिकडे इंटरनेट लागेल म्हणून शीतल तिथलं सिम देणार होती. फोनमध्ये दोन सिमची जागा होती. सगळं जागच्या जागी. जाताना मी बजावलं, “काका, या नंबरवर बँकेचे मेसेज येतील. एकही चुकवू नका.”

इथे मी माती खाल्ली.

“काका, आपलं सिम फोनमध्येच आहे ना?” मी फोनवर विचारलं.

“नाय. ते घरी हाय.”

“घरी म्हणजे?”

“थोरवे वहिनींकडं. माज्या जुन्या बटणाच्या फोनात घालून दिलंय. आपलं सिम तिकडं चालत नाय असं कुणीतरी बोललं. मग मेसेज आला तर बघणार कोण? चार्ज देऊन आलोय.”

मी कपाळाला हात लावला. चार्ज देणं म्हणजे शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला काम लेखी सोपवणं. पॉवरहाऊसमध्ये जन्म काढलेला माणूस, पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडणार कशी? थोरवे वहिनी त्यांच्या शेजारी. मी त्यांना फोन लावला. फोन खिडकीत चार्जिंगला होता आणि वहिनींनी वहीत प्रत्येक मेसेजची वेळ लिहून ठेवली होती, जाहिरातींसकट.

“इथनं मी काय दाबू का मॅडम?” त्या म्हणाल्या.

दाबण्यासारखं काही नव्हतं. ॲप आधी एवढंच बघतं, की बँकेत नोंदवलेला नंबर याच फोनमध्ये बसलाय का. नसेल तर ते पैसे सोडत नाही. चोरापासून आपलं रक्षण व्हावं म्हणून ही सोय. त्या दिवशी तिने एका बापालाच अडवलं.

मी काकांना परत फोन करून तसं सांगितलं. मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती. मग फोन शीतलने घेतला.

“मॅडम, काय प्रकार आहे? बाबा इथे स्टुलावर बसून राहिलेत.”

सांगावं की नाही, क्षणभर कळेना. मग सांगून टाकलं. बाजार, पगार, सगळं.

“मग नकोत मला हे सँडल,” ती म्हणाली. “ठेवते परत. बाबांकडूनच घेईन. मी कर्जतला आले की.”

काका परत आले ते खुशीतच. शीतल मे महिन्यात येणार होती. मी विचारलं, आता ते परदेशातलं यूपीआय बंद करू ना? ते म्हणाले, “चालू ठेवा. ती आली नाय, तर मलाच जायला लागंल.”

मे गेला. रजा मिळाली नाही. मग दिवाळीही गेली. शीतल फोनवर म्हणते, पुढच्या सुट्टीत नक्की. काका म्हणतात, येऊ दे तिच्या सवडीनं, आपण काय कमी वेळा पुढचा पगार दाखवला तिला?

दर तीन महिन्यांनी मुदत संपली, की ते शाखेत येतात. मी ते पुन्हा सुरू करून देते. मग आम्ही टपरीवर जातो आणि काका स्कॅन करून चहाचे पैसे देतात. फोन चालतोय याची खात्री करून घ्यायची असते त्यांना.

धडा म्हणाल तर एवढाच, की सिम फोनमधून काढू नये आणि माझ्यासारखीने ग्राहकाला नुसतं काय करायचं ते न सांगता का करायचं तेही सांगावं. काकांचं ॲप आता उत्तम चालतं. शीतलची रजा मंजूर व्हायची आहे.