रिक्रूटचं पाणी

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. दोन वर्षं बर्फात काढून माझी पोस्टिंग बंगळूरच्या एका ट्रेनिंग कंपनीत आली. रँक हवालदार, काम फील्डक्राफ्टचा इन्स्ट्रक्टर. म्हणजे शत्रूच्या नजरेत न येता कसं रांगायचं, कसं लपायचं, हे नव्या पोरांना शिकवायचं. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. हवा थंड, लंगरातलं जेवण गरम आणि अंगावर कोणी गोळी झाडत नव्हतं. तीन महिन्यांत पट्ट्याला एक भोक पुढे सरकावं लागलं.

माझा असिस्टंट लान्सनायक सोमनाथ, साताऱ्याकडचा. बोलणं कमी, हात चलाख. कुदळ त्याच्याइतकी सफाईनं चालवणारा मी पुढच्या नोकरीत पाहिला नाही. म्हणून ट्रेंच खोदायचा डेमो नेहमी तोच द्यायचा.

जुलैतल्या एका सोमवारी आम्ही तीस रिक्रूट घेऊन होसकोट्याच्या बाजूला गेलो. ०९३० वाजता डेमो सुरू झाला. चौथ्या घावाला सोमनाथ थांबला. तो डेमोत कधी थांबत नसे, म्हणून मी पुढे झालो. मातीत पांढरी अंडी फुटून पडली होती. काही पिल्लं बाहेर आली होती, पण निपचित. एकच हलत होतं. करंगळीएवढं, शेपटीची गुंडाळी केलेलं, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा सोमनाथकडे. रंग बदलणाऱ्या घोयऱ्या सरड्याचं पिल्लू होतं ते.

सोमनाथनं कुदळ बाजूला ठेवली आणि पिल्लू तळहातावर घेतलं.

"बाकीची माझ्या कुदळीनं गेली, उस्ताद," तो म्हणाला. "ह्ये एक जगलं पायजे."

मी त्याला समजावलं की जंगलातलं जनावर जंगलात बरं. त्यानं ऐकून घेतलं, 'जी उस्ताद' म्हटलं आणि पिल्लू टोपीत ठेवून गाडीत बसला. परतीच्या वाटेवर त्याचं नाव पडलं, रिक्रूट.

राहण्याची सोय लंगराच्या मागच्या व्हरांड्यात झाली. लंगरात एक जुनं जाळीचं कपाट होतं, मटणावर माश्या बसू नयेत म्हणून केलेलं. आता त्यात माश्या आत ठेवायच्या होत्या. सोमनाथनं त्यात कढीपत्त्याची कुंडी ठेवली आणि चढायला दोन काटक्या बांधल्या. सकाळचं कोवळं ऊन एक तास मिळेल अशा बेतानं कपाट लावलं. मोठी माशी पिल्लाच्या तोंडात मावत नव्हती. चिलटं हवीत. तेव्हा पिकून काळी पडलेली केळी डब्यात घालून झाकण अर्धं उघडं ठेवायचं, चिलटं जमली की डबा कपाटात रिकामा करायचा, असं ठरलं. लंगरात माशी दिसली की ज्या पोरांना सुबेदारसाहेब दहा चकरा मारायला लावायचे, तीच पोरं आता मागच्या बाजूला चिलटांची पैदास करत होती. सुबेदारसाहेबांनी दोन दिवस तिकडे बघायचंच टाळलं.

पहिलं चिलट त्यानं मंगळवारी ०८१० ला खाल्लं. जीभ बाहेर गेलेली दिसलीच नाही, चिलट तेवढं नाहीसं झालं. मागे उभ्या सगळ्या प्लाटूननं टाळ्या वाजवल्या. लंगराच्या फळ्यावर रोजची नफरी, म्हणजे जेवणाऱ्यांची हजेरी, लिहिलेली असे. तिच्याखाली कोणीतरी खडूनं लिहिलं, 'रिक्रूट एक, खास डाएट.'

पाण्याची व्यवस्था माझी. त्यात मी कसर ठेवली नाही. घासून लख्ख केलेला मग, उकळून गार केलेलं पाणी, दिवसा दर दोन तासांनी बदलायचं. शेजारी वही. ड्यूटीवाल्या पोरानं वेळ लिहायची, 'पाणी भरलं, मग फुल' लिहायचं आणि सही ठोकायची. मी संध्याकाळी वही तपासून खाली 'ओके' लिहायचो. पावसाच्या सरी अधूनमधून यायच्या, पण व्हरांड्यावर पत्रा होता. आमच्या रिक्रूटवर एक थेंब पडू देत नव्हतो आम्ही.

गुरुवारी ०६४० वाजता सोमनाथ माझ्या बराकीत आला. बूट घातलेले, नाड्या मोकळ्या. मी त्याच्याबरोबर धावत गेलो. रिक्रूट काटकीला कसाबसा धरून होता. डोळे आत गेलेले, कातडी सुरकुतलेली. नाकासमोर चिलट बसलं तरी जीभ हलेना. मी वही उघडली. एकही वेळ चुकली नव्हती. प्रत्येक ओळीत 'मग फुल'. मला अजूनही लाज वाटते ती याची, की सलग तीन दिवस बदलायच्या वेळीही मग फुल कसा, हा प्रश्न माझ्यासारख्या जुन्या खोडाला पडला नाही.

सोमनाथ कपाटासमोर उकिडवा बसला होता. 

०७०० ला तुळसाक्का आली. ती रोज लंगरातलं खरकटं तिच्या म्हशींसाठी न्यायची. बेळ्ळंदूर तेव्हा तळ्याकाठचं गाव होतं आणि तिचा गोठा तिथे होता. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून येऊन इथलंच झालेलं. आम्हाला ती हक्कानं रागवायची आणि आम्हाला घराबाहेर ते बरंच वाटायचं. तिनं बादली खाली ठेवली, कपाटात डोकावली, मग मगाकडे पाहिलं.

"अय्यो अण्णा, हे गोसुंबे," ती घोयऱ्याचं कन्नड नाव घेत म्हणाली. "त्याला मगातलं पाणी पाणी म्हणून कळतंय काय? पानावरचं थेंब चाटतंय ते. स्वल्प स्वल्प. तुम्ही पाऊस पण अडवून ठेवलात नं वर."

मी पत्र्याकडे पाहिलं. शिकवणारे आम्ही, आणि शाळा आमचीच भरली.

सोमनाथनं ओंजळीनं पानांवर पाणी शिंपडलं. पण पिल्लात मान वळवण्याइतकंही त्राण राहिलं नव्हतं. थेंब सारखा त्याच्या तोंडाजवळ यायला हवा होता. सोमनाथ उठला आणि एमआय रूमकडे, म्हणजे आमच्या छोट्या दवाखान्याकडे पळत सुटला. परत आला तो ड्रिपची एक जुनी बाटली आणि नळी घेऊन. नर्सिंग असिस्टंटला काय सांगून आणली, ते मी विचारलं नाही. बाटलीत साधं पाणी भरून खिळ्याला टांगली, नळीचं टोक कढीपत्त्याच्या वरच्या पानाला बांधलं.

०७२५ ला पहिला थेंब सुटला. तो पानावरून घसरून खालच्या पानावर आला, तिथून रिक्रूटच्या ओठाशी थांबला. दुसरा, तिसरा, चौथा. तुळसाक्का बादली विसरून उभी होती. सकाळच्या पीटीसाठी पोरं फॉलइन झाली होती आणि मी त्यांना तसंच उभं ठेवलं होतं.

०७३१ ला रिक्रूटनं तोंड उघडलं आणि थेंब घेतला.

सोमनाथनं डोळे पुसले. सगळ्यांसमोर पुसले, लपवले नाहीत. मी पोरांना सांगितलं की आज पीटी नाही, चहा घ्या. तुळसाक्का म्हणाली, सरी, म्हणजे बरं, आता तरी माझं खरकटं द्या, म्हशी वाट बघतायत.

सोमवारी कमांडिंग ऑफिसरसाहेबांचा लंगराचा राउंड होता. ते मागच्या व्हरांड्यात आले आणि कढीपत्त्याला ड्रिप लावलेली पाहून उभेच राहिले. पेशंट कोण, असं त्यांनी विचारलं. सुबेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी सोमनाथकडे. सोमनाथनं सावधानमध्ये उभं राहून सांगितलं, "रिक्रूट, साहेब. डेव्हलपिंग वेल." साहेब वाकून बराच वेळ पाहत होते. मग ऑर्डर दिली: हा जंगली जीव आहे, पाळायचा नाही. अंगानं भरला की जिथून आणला तिथेच सोडायचा. आणि तोवर ड्रिप बंद पडता कामा नये.

रिक्रूट अडीच महिने आमच्याकडे होता. चिलटांवरून माश्यांवर गेला, माश्यांवरून नाकतोड्यांवर. मीही एक धडा शिकलो. सरडा ज्या रंगावर बसेल तो रंग घेतो, असं मी वर्षानुवर्षं क्लासमध्ये ठोकून सांगत आलो होतो. एकदा पोरांसमोर त्याला माझ्या लाल सॅशवर बसवला. तो हिरवाच राहिला, वर रागानं काळे ठिपके आणले. सोमनाथ म्हणाला, "उस्ताद, तुमचा सिलॅबस यानं वाचलेला न्हाई."

ऑक्टोबरात त्याला सोडायला तेच तीस रिक्रूट गेले. सोमनाथ वायरलेस सेट घेऊन झाडीत शिरला, मी दोनशे मीटरवर थांबलो. काही वेळानं सेट खरखरला.

"रिक्रूट बाभळीवर चढला. माझ्यासमोरच हाय, पन मला दिसत न्हाई. ओव्हर."

"तुला दिसत नाही म्हणजे तो पास झाला," मी म्हणालो. "परत ये. आउट."

तो परत आला तेव्हा हसत होता. त्याचं ते हसणं माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई आहे, मेडल गेलं खड्ड्यात.

चार वर्षांनी आम्ही दोघं उत्तरेत एकाच कंपनीत होतो. एका सकाळी नाल्यापलीकडे आमचे दोन जखमी अडकले. सोमनाथनं एकाला उचलून आणलं. दुसरा राहिला म्हणून परत गेला. त्यालाही आणलं. दोघं आज नातवंडं खेळवतात. सोमनाथला येताना पोटात लागली. नर्सिंग असिस्टंटनं ड्रिप लावून बाटली माझ्या हातात दिली. सोमनाथनं नळीकडे पाहिलं.

"उस्ताद," तो म्हणाला, "स्वल्प स्वल्प."

मी हसलो. तोही हसला. हेलिकॉप्टर ११४० ला आलं. बाटलीत तेव्हा अर्धं पाणी शिल्लक होतं. ते तसंच राहिलं, सोमनाथ राहिला नाही.

रिटायर होऊन मी बंगळूरलाच घर केलं, बेळ्ळंदूरच्या अलीकडे. अंगणातल्या कढीपत्त्याला ड्रिपची बाटली टांगलेली असते. चिमण्या पितात, मुंग्या पितात. शेजारी आयटीतली पुण्याची एक मुलगी राहायला आली. तिनं परवा कुंपणावरून विचारलं, "काका, पेशंट कोण आहे?"

लान्सनायक सोमनाथ, असं मी सांगितलं. मग तिला आत बोलावलं, चहा ठेवला आणि होसकोट्याच्या त्या सोमवारपासून सुरुवात केली.