कीबोर्डाचा उजेड

उलथनं तापल्याचा वास आला की ती सांज आठवती. नातीनं जुन्या लॅपटॉपात विंडोज काढून फुकटातलं लिनक्स घातलं व्हतं, पण त्याला कीबोर्डाच्या अक्षरांखालच्या दिव्यांची वळखच पटत नव्हती, ते पेटतच नव्हते. तिचा बाप, माझा लेक, बेल्ह्याच्या बाजारातनं पिऊन आला आन् तिला पट्ट्यानं हाणाय लागला. "चांगलं मशीन आंधळं केलंस! पेटीव, न्हाईतर फोडतो!" पाठ फुटली तरी पोर बटनं दाबीतच ऱ्हायली. एकदम सगळी अक्षरं उजळली. दिवेलागणीला उजेड दिसला की आपण हात जोडतो, तसे मी जोडले. "आये, माझी थट्टा करतीस?" म्हणत त्यानं लॅपटॉप आपटायला उचलला. मी तव्यावरचं तापलं उलथनं त्याच्या मनगटावर दाबून धरलं. त्याचा हात सुटला, पोरीनं मशीन झेललं. ती आता पुण्यात मशिनीत लिनक्स घालायच्याच कामावर हाय. लेक माझ्याशी बोलत न्हाई, पर भाकर माझ्याच हातची खातो.