पोह्यांच्या डब्यातला कॅमेरा

आमचा पोह्यांचा डबा गोळी लागून गेला. गोळी ह्यांनी झाडली. कुठे झाडायची ते मी सांगितलं.

ह्यांना तरुणपणापासून नेमबाजीचा नाद. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत रायफलीचं कपाट आधी आलं, मी नंतर! पण गेल्या वर्षी डोळ्यांचे पडदे खराब व्हायला लागले. डॉक्टर म्हणाले, "आहे ते टिकवायचं. गेलेलं परत येणार नाही." ह्यांनी जेवण कमी केलं आणि बोलणं त्याहून कमी. (मुळात होतं किती म्हणा!) एका रविवारी एवढंच म्हणाले, "आज शेवटचं बघतो. नाही जमलं तर रायफल विकून टाकू."

रडत बसणं माझ्याच्याने होत नाही. समोरचा काळा गोल धूसर दिसला तरी नेम धरता येतो, हे ह्यांनीच मला सांगितलेलं. अडत होतं ते गोळी कुठे लागली हे बघण्यावर. पन्नास मीटरवरची भोकं ह्यांना दुर्बिणीतूनही दिसेनात. दारातल्या चपला कोण पळवतं हे बघायला मी एक छोटा कॅमेरा घेतला होता. तो पोह्यांच्या प्लास्टिकच्या डब्याला खिडकी कापून आत बसवला आणि मोबाइलला जोडला.

"मी बघून सांगते. तुम्ही फक्त नेमाचा स्क्रू फिरवायचा."

"जमेल तुला?"

"घर चालवतेय ना!"

नेमबाजीची रेंज मुलुंडला, डोंगराखाली. सहा टार्गेटं, वरचे नंबर पावसाने धुऊन गेलेले. ह्यांची जागा डावीकडून तिसरी. गोळीबार थांबवून मला पुढे सोडलं. तिथे पोचून मी वळले, ह्यांना हात केला आणि तशीच, ह्यांच्याकडे तोंड करून, डावीकडून तिसरं टार्गेट मोजलं. (तोंड फिरलं की डावं-उजवंही फिरतं, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं!) कॅमेरा त्याच्यावर रोखला, डबा दोन टार्गेटांमधल्या मोकळ्या जागेत खाली ठेवला आणि परत येऊन ह्यांच्या आडवं पडून नेम धरायच्या चटईशेजारी बसले.

पहिला बार.

"कुठे?"

"वर, डावीकडे."

ह्यांनी स्क्रू फिरवून नेम खाली-उजवीकडे सरकवला. दुसरा बार.

"आता?"

"तिथंच! आणि दोन भोकं वाढलीत."

"एका गोळीने?"

"तुम्ही नेम धरा. बाकीचं मी बघते!"

उजवीकडच्या चटईवर ह्यांचे मित्र सावंत आपले धडाधड उडवत होते. ह्यांनी पुन्हा स्क्रू फिरवला. पुन्हा बार.

"वर, डावीकडेच. अहो, जोरात फिरवा की! गळका नळ बंद केल्यासारखं काय करताय?"

"इतका फिरवला तरी हलत नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे हातही गेला."

त्यांनी स्क्रू होता नव्हता तेवढा फिरवला. बार! मोबाइल काळा झाला.

"आता काहीच दिसत नाही," मी म्हणाले.

"मलाही."

ह्यांनी रायफल बाजूला ठेवली आणि चटईवर कपाळ टेकून पडून राहिले. मी मोबाइल झटकून पुन्हा बघितला. काळाच!

गोळीबार थांबल्यावर आम्ही पुढे गेलो. डबा आरपार! माझी वर-डावीकडची भोकं एकूण एक सावंतांच्या टार्गेटवर होती; मी मोजलं ते माझं डावं, म्हणजे ह्यांचं उजवं! आमच्या टार्गेटच्या कार्डावर पहिलं भोक बरोबर मध्यात. दुसरं जरा खाली, उजवीकडे. तिसरं आणखी खाली, आणखी उजवीकडे. तिथून ती ओळ कार्ड सोडून थेट माझ्या डब्यात!

"वहिनी," सावंत म्हणाले, "मी वर-डावीकडे मारतोय, हे मला सांगायचं ना!"

ह्यांनी कार्ड नाकाशी धरलं आणि मधल्या भोकावर बोट फिरवलं.

"पहिली मध्यात होती?"

"हो."

"आणि बाकीच्या?"

"मी सांगितलं तिथे."

ते हसले नाहीत. पण रिक्षात कार्ड मांडीवर धरून बसले होते.

रायफल विकली नाही. डोळे जायचे ते जातायतच. नवा कॅमेरा सावंत बघतात. मला मोबाइलला हात लावायची बंदी आहे. ते कार्ड ह्यांनी स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर लावलंय. जन्मभर मी सगळ्यांना सांगत आले, हे माझं काही म्हणून ऐकत नाहीत. आता भिंतीवर पुरावाच आहे: शब्दन् शब्द ऐकला, म्हणून तर वाट लागली!